मेंदूला कोलेस्टेरॉल कशाला हवे?

खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाताना वाटेत किराणा मालाची दुकाने लागतात. तेथे शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाचा डबा हातात घेतला, तर त्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असा शब्द ठळक अक्षरांत छापलेला बऱ्याचदा आढळतो. विधान खरे आहे, पण त्यात तेल बनवणाऱ्याचे काही कर्तृत्व नाही. कोलेस्टेरॉल हा मुख्यतः प्राण्यांच्या शरीरात तयार होणारा पदार्थ आहे. वनस्पतींमध्ये त्याच्या कुळातले दुसरे पदार्थ असतात, खुद्द कोलेस्टेरॉल मात्र नगण्य असते. त्यामुळे कोणतेही वनस्पती तेल जन्मतःच कोलेस्टेरॉलमुक्त असते.

पण डब्यावरचा शब्द आपल्याला नकळत एक धडाही देतो. ज्याच्यापासून ‘मुक्त’ व्हायचे ते वाईटच असणार, हा तो धडा. वर्गात ‘कोलेस्टेरॉल म्हणजे काय?’ असे विचारले, की ‘हृदयविकार करणारा पदार्थ’ हेच उत्तर बहुधा मिळते. आता या उत्तराशेजारी एक आकडा ठेवून पाहू. माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी मात्र २० ते २५ टक्के या एकट्या मेंदूत असते. प्रौढ माणसाच्या मेंदूत ते ३० ते ३५ ग्रॅम भरते. इतके विष शरीराने आपल्या सर्वांत नाजूक अवयवात मुद्दाम साठवून ठेवले असेल का?

उघडच आहे, की नसेल. मग ते तेथे करते काय? या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या ३० वर्षांत मिळत गेले, त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या शेजारी हैदराबादेत शोधला गेला. या लेखात आपण तो समजून घेऊ.

पित्ताच्या खड्यापासून मेंदूपर्यंत

कोलेस्टेरॉलची पहिली ओळख झाली ती पित्ताशयातल्या खड्यांमधून. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पूलतिए द ला साल याने अशा खड्यांतून एक पांढरा, मेणासारखा पदार्थ वेगळा केला. पुढे शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले. ग्रीक भाषेत ‘कोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरिऑस’ म्हणजे घट्ट, घन. या दोन शब्दांवरून आजचे नाव तयार झाले. १८३४ मध्ये कुएर्ब या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाच पदार्थ मेंदूतही असल्याचे दाखवले. म्हणजे मेंदू आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध जवळजवळ २०० वर्षे माहीत आहे. तो संबंध कशासाठी आहे, हे कळायला मात्र फार वेळ लागला.

कोलेस्टेरॉलच्या एका रेणूत कार्बनचे २७, हायड्रोजनचे ४६ आणि ऑक्सिजनचा अवघा १ अणू असतो. कार्बनच्या अणूंची चार वलये एकमेकांना चिकटून एक ताठ, चपटी पाटी बनते. पाटीच्या एका टोकाला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची लहानशी जोडी असते, ती पाण्याजवळ राहू पाहते. दुसऱ्या टोकाला कार्बनची लवचीक शेपटी असते, ती पाण्यापासून दूर पळते. ताठ पाटी, पाण्याची आवड असलेले इवलेसे डोके आणि लवचीक शेपटी, एवढे लक्षात ठेवले की पुढचे बरेचसे समजते.

गोठूही नये, वितळूही नये

प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल असते. हे पटल प्रामुख्याने फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंच्या दोन थरांचे असते. या रेणूंची पाण्याकडे ओढ असलेली डोकी बाहेरच्या बाजूंना आणि मेदाम्लांच्या शेपट्या आत, अशी ही रचना असते. पटल भिंतीसारखे कडक नसते. त्यातले रेणू सतत इकडून तिकडे सरकत असतात आणि त्यांच्यामध्ये प्रथिनांचे मोठे रेणू तरंगत असतात.

आता एक ओळखीची गोष्ट घेऊ. खुलताबादजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावर हिवाळ्यात सकाळी खोबरेल तेलाची बाटली पाहिली, तर तेल गोठलेले दिसते. शेजारचे शेंगदाणा तेल मात्र पातळच असते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते, कारण त्यातली बहुतेक मेदाम्ले सरळ साखळीची असतात आणि काड्यांच्या मोळीसारखी एकमेकांना चिकटून बसतात. शेंगदाणा तेलातल्या अनेक मेदाम्लांच्या साखळ्यांना दुहेरी बंधामुळे बाक आलेला असतो. बाक आलेल्या काड्यांची घट्ट मोळी बांधता येत नाही.

पेशीपटलापुढे हाच प्रश्न असतो. फार घट्ट झाले तर त्यातली प्रथिने हलणार नाहीत. फार पातळ झाले तर नको ते पदार्थ आतबाहेर झिरपतील. कोलेस्टेरॉल फॉस्फोलिपिडांच्या शेपट्यांमध्ये उभे शिरते आणि दोन्ही बाजूंनी आवर घालते. त्याची ताठ पाटी शेजारच्या शेपट्यांची फार वळवळ होऊ देत नाही. त्याच वेळी मध्येच शिरलेली ही पाटी शेपट्यांना मोळीसारखे घट्ट जमूही देत नाही. बाहेरच्या पेशीपटलात साधारण दर तीन मेदरेणूंमागे एक कोलेस्टेरॉलचा असतो, यावरून या कामाचे महत्त्व ध्यानात येईल.

शिवाय सगळ्या पटलात कोलेस्टेरॉल सारखे पसरलेले असतेच असे नाही. त्याचे प्रमाण जास्त असलेले छोटे, काहीसे घट्ट पुंजके पटलात तराफ्यांसारखे तरंगतात आणि ठरावीक प्रथिने त्यांवर एकत्र येतात, अशी कल्पना सिमॉन्स आणि इकोनेन यांनी १९९७ मध्ये मांडली. हे पुंजके किती मोठे असतात आणि किती काळ टिकतात याबद्दल अजून वाद चालू आहे. पण पटल म्हणजे एकसारखे पसरलेले तेल नव्हे, हे आता सर्वमान्य आहे.

एक निरोप, तीन टप्पे

चेतापेशींमधला निरोप कसा जातो ते आता पाहू. तो तीन टप्प्यांत जातो आणि तिन्ही ठिकाणी कोलेस्टेरॉल हजर असते.

पहिला टप्पा लांब तंतूवरून होणाऱ्या प्रवासाचा. चेतापेशीच्या अक्षतंतूवरून निरोप विद्युतस्पंदाच्या रूपाने धावतो. अनेक तंतूंवर मायलिनचे आवरण असते. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तसे. मात्र मायलिन हे वेष्टन म्हणजे दुसऱ्याच एका पेशीचे पटल असते, ते तंतूभोवती अनेक वेढे घालून बसते. मायलिन नसलेल्या बारीक तंतूवर निरोपाचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर किंवा त्याहूनही कमी असतो. जाड मायलिनयुक्त तंतूवर तो सेकंदाला १०० मीटरच्या घरात जातो. मेंदूतल्या कोलेस्टेरॉलपैकी सुमारे ७० ते ८० टक्के या मायलिनमध्येच असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मायलिन तयार करणाऱ्या पेशींना कोलेस्टेरॉल बनवताच येणार नाही असे उंदीर निर्माण केले गेले. त्यांच्यात मायलिन तयार होण्याचे काम फार मंदावले आणि उंदरांना कंप सुटला, तोल जाऊ लागला. त्या पेशी शेजाऱ्यांकडून कोलेस्टेरॉल मिळवून मगच मायलिन बांधत होत्या. कमी कोलेस्टेरॉलचे हलके मायलिन बनवून काम भागवणे त्यांनी पत्करले नाही.

दुसरा टप्पा दोन चेतापेशींमधली फट ओलांडण्याचा. या जागेला आपण चेतासंधी म्हणू. तंतूच्या टोकाशी पुटिका, म्हणजे अतिसूक्ष्म पिशव्या, भरलेल्या असतात. त्यांत चेतापारेषक रसायन असते. विद्युतस्पंद पोचला, की पुटिकेचे पटल पेशीच्या पटलात मिसळते आणि रसायन फटीत सांडते. हे सारे एका मिलिसेकंदाच्या आसपास उरकते. पुटिकेचा व्यास सुमारे ४० नॅनोमीटर असतो, म्हणजे १ मिलिमीटर लांबीत अशा २५ हजार पुटिका एका ओळीत मावतील. एवढ्या लहान गोळ्यावर पटलाला फार बाक द्यावा लागतो. पुटिकेच्या पटलातल्या मेदरेणूंपैकी सुमारे ४० टक्के रेणू कोलेस्टेरॉलचे असतात. ते काढून घेतले तर हे मिसळणे बिघडते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

तिसरा टप्पा निरोप ऐकण्याचा. फटीत सांडलेले रसायन पलीकडच्या पेशीच्या पटलातल्या ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटते. कुलपात किल्ली बसावी तसे ते बसले, की ग्राही प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि पेशीच्या आत पुढच्या हालचाली सुरू होतात. कुलूप प्रथिनाचे, किल्ली रसायनाची. मग ज्या पटलात हे कुलूप बसवले आहे, त्या पटलाचा या व्यवहाराशी संबंध काय? फार काळ पटलाकडे नुसती दाराची फळी म्हणूनच पाहिले गेले.

हैदराबादचे प्रयोग

खुलताबाद आणि हैदराबाद यांचा संबंध इतिहासाच्या शिक्षकांना ठाऊक आहे. पहिला निजाम असफजाह याची कबर खुलताबादेत आहे, आणि त्याच्या वंशजांनी पुढे हैदराबाद ही राजधानी केली. त्याच हैदराबादेत १९७७ पासून पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजेच सीसीएमबी ही संस्था काम करते. तेथे अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने कुलूप आणि फळी यांच्या संबंधाचा हा प्रश्न हाती घेतला.

त्यांनी निवडलेले ग्राही प्रथिन होते सेरोटोनिन-१ए. सेरोटोनिन हे चेतापारेषक आपल्या मनःस्थितीशी, झोपेशी, भुकेशी आणि शिकण्याशी निगडित आहे. चिंतेवरचे बस्पिरोन हे औषध याच ग्राही प्रथिनाला चिकटून काम करते. हे प्रथिन पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. सुईदोऱ्याने कापडात सात टाके घालावेत तसे. म्हणजे त्याचा मोठा भाग पटलाच्या मेदांत बुडालेला असतो.

गुरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातून पेशीपटले वेगळी करण्यात आली. किरणोत्सारी खूण केलेला, सेरोटोनिनसारखाच बसणारा एक रेणू त्यांत मिसळला, की किती रेणू ग्राही प्रथिनांना चिकटले ते मोजता येते. मग प्रश्न असा, की पटलातले कोलेस्टेरॉल कमी केले तर ही चिकटण्याची क्रिया बदलते का?

कोलेस्टेरॉल काढायला मिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन हा पदार्थ वापरला गेला. यात ग्लुकोजची ७ एकके वाटोळी जोडलेली असतात, त्यामुळे बांगडीसारखा आकार होतो. बांगडीची बाहेरची बाजू पाण्यात विरघळते, आतली पोकळी मात्र मेदाला मानवणारी असते. कोलेस्टेरॉलचा रेणू या पोकळीत जाऊन बसतो आणि पटलाबाहेर ओढला जातो. तॉमस पुकाडिल आणि चट्टोपाध्याय यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष स्पष्ट होता. जसजसे कोलेस्टेरॉल कमी होत गेले, तसतसे ग्राही प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूंचे प्रमाण घटत गेले.

येथे क्षणभर थांबून हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्ही सुचवू. चिकटणे कमी झाले, हे दिसले. पण ते कोलेस्टेरॉल गेल्यामुळेच झाले कशावरून? कदाचित त्या रसायनाने ग्राही प्रथिनालाच इजा केली असेल. खात्री कशी करायची? थोडा विचार केल्यावर काही मुले नक्की सांगतील, की काढलेले कोलेस्टेरॉल परत घालून पाहा. संशोधकांनीही तेच केले. पटलांना कोलेस्टेरॉल परत दिल्यावर चिकटण्याची क्रियाही बऱ्याच अंशी परत आली. म्हणजे प्रथिन शाबूत होते. त्याला फक्त सोबत नव्हती.

यापुढचा प्रश्न अधिक बारीक होता. कोलेस्टेरॉल काढले की पटल ढिले पडते. मग ग्राही प्रथिन बिघडते ते या ढिलेपणामुळे, की कोलेस्टेरॉलशी असलेला जवळचा संबंध तुटल्यामुळे? यासाठी कोलेस्टेरॉल पटलातच ठेवून त्याला निकामी करण्याच्या दोन युक्त्या वापरल्या गेल्या. एकीत डिजिटोनिन या वनस्पतीजन्य पदार्थाने कोलेस्टेरॉलला जागीच बांधून टाकले. दुसरीत एका विकराच्या साहाय्याने त्याच्या पाण्याकडच्या टोकाची रासायनिक रचना बदलली. दोन्ही वेळा पटलाच्या एकूण घट्टपणात फारसा फरक पडला नाही, पण ग्राही प्रथिनाला रेणू चिकटणे मात्र घटले. पटलाचा ढिलेपणा हे एकमेव कारण असू शकत नाही, असे यातून दिसले.

या प्रयोगांना २०२१ मध्ये एक दृश्य दुजोरा मिळाला. चीनमधल्या संशोधकांच्या गटाने अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या मदतीने सेरोटोनिन-१ए ग्राही प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली. तिच्यात प्रथिनाला लगटून बसलेले कोलेस्टेरॉलचे रेणू दिसले. किल्ली जेथे बसते त्या खोबणीला आकार देण्यातही त्यांचा हात असल्याचे आढळले. थोडक्यात, दाराची फळीही कुलपाच्या कामात सामील असते.

पुकाडिल पुढे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये प्राध्यापक झाले. पेशीपटलांचे तुकडे कसे पडतात यावरील त्यांच्या कामाची ख्याती आहे आणि त्यांना २०१८ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पटल कसे वाकते, तुटते, जुळते हा प्रश्न चेतासंधीच्या अगदी मुळाशी आहे, हे आपण वर पाहिलेच.

दोन हायड्रोजन अणूंचा फरक

कोलेस्टेरॉलऐवजी त्याच्यासारखाच दुसरा रेणू चालेल का? निसर्गाने हा प्रयोग माणसांवर आधीच करून ठेवला आहे, आणि त्याची किंमत काही कुटुंबे मोजत आहेत.

आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल अनेक पायऱ्यांनी तयार होते. अगदी शेवटच्या टप्प्यात ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या रेणूला हायड्रोजनचे २ अणू जोडले जातात आणि एक दुहेरी बंध नाहीसा होतो. एवढाच फरक. ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल शिक्षकांना अनोळखी नाही. आपल्या त्वचेवर सूर्याचे अतिनील किरण पडले, की याच पदार्थापासून ड जीवनसत्त्व बनते.

ही शेवटची पायरी पार पाडणाऱ्या विकराचे जनुक सदोष असेल, तर कोलेस्टेरॉल कमी पडते आणि ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल साठत जाते. आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच मुलाला हा विकार होतो. १९६४ मध्ये स्मिथ, लेमली आणि ओपिट्झ या तीन डॉक्टरांनी त्याची लक्षणे वर्णन केली, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याचे रासायनिक कारण कळले १९९३ मध्ये. अशा मुलांची वाढ खुंटते, पायाची दुसरी व तिसरी बोटे जुळलेली असू शकतात, टाळूला फट असू शकते, आणि बहुतेकांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो.

हैदराबादच्या गटाने कोलेस्टेरॉल काढून घेतलेल्या पटलांना त्याच्या जागी ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल देऊन पाहिले. ग्राही प्रथिनाचे काम परत आले नाही. म्हणजे दोन जवळजवळ सारखे रेणू, पण सेरोटोनिनच्या ग्राही प्रथिनाला त्यांतला फरक कळतो. या विकारात मेंदूचे नेमके काय बिघडते याचे संपूर्ण उत्तर हे नव्हे. पण त्या उत्तराचा एक धागा यातून हाती आला.

मेंदूचे घरचे उत्पादन

या मुलांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार द्यावा, हा विचार साहजिकच पुढे आला. काहींना त्याने वाढीच्या बाबतीत थोडा फायदाही झाला. पण मेंदूच्या बाबतीत एक अडचण आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो. रक्तातले कोलेस्टेरॉल मेदप्रथिनांच्या कणांतून वाहून नेले जाते आणि हे कण तो अडसर ओलांडू शकत नाहीत. त्यामुळे मेंदूला लागणारे कोलेस्टेरॉल मेंदू स्वतःच बनवतो.

म्हणून अंडी किंवा तूप जास्त खाल्ल्याने मेंदूला कोलेस्टेरॉल अधिक मिळेल आणि मन प्रसन्न होईल, असा अर्थ वरच्या प्रयोगांवरून काढणे चुकीचे ठरेल.

मेंदूच्या आतही कामाची वाटणी आहे. प्रौढ मेंदूत चेतापेशी स्वतः कोलेस्टेरॉल कमी बनवतात. त्यांच्या सोबतीला असणाऱ्या ग्लिया नावाच्या पेशी ते बनवतात आणि ‘अपो-ई’ या प्रथिनाच्या कणांत घालून चेतापेशींकडे पोचवतात. २००१ मध्ये फ्रँक फ्रीगर यांच्या गटाने उंदीरवर्गीय प्राण्यांच्या डोळ्यांतील चेतापेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या. एकट्या ठेवलेल्या चेतापेशी जगल्या, पण त्यांच्यात चेतासंधी फार थोड्या तयार झाल्या. ग्लिया पेशींनी सोडलेला द्रव दिल्यावर त्या भराभर वाढल्या. त्या द्रवातला कळीचा घटक कोणता, याचा शोध घेतला तेव्हा तो निघाला कोलेस्टेरॉल.

जास्तीचे कोलेस्टेरॉल मेंदूबाहेर कसे जाते? चेतापेशींमधले एक विकर त्याला ऑक्सिजनचा आणखी एक अणू जोडते. हा बदललेला रेणू अडसर ओलांडून रक्तात उतरतो आणि यकृताकडे जातो. स्वीडनमधल्या ब्यॉर्केम यांच्या संशोधनानुसार असे दररोज सुमारे ६ मिलिग्रॅम बाहेर पडते. येथे गणिताच्या तासाला एक उदाहरण मिळते. मेंदूत ३५ ग्रॅम, म्हणजे ३५ हजार मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आहे असे धरू. रोज ६ मिलिग्रॅम बदलले जात असेल, तर सगळे बदलायला ५,८०० हून अधिक दिवस, म्हणजे जवळपास १६ वर्षे लागतील. रक्तातले कोलेस्टेरॉल काही दिवसांत बदलते. दहावीत बसलेल्या मुलाच्या मायलिनमध्ये लहानपणी बांधलेले कितीतरी रेणू अजून जागेवरच असतील!

जागा चुकली की

मग कोलेस्टेरॉलविषयी डॉक्टर देतात तो इशारा खोटा का? मुळीच नाही. रक्तात एलडीएल कणांतले कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षे जास्त राहिले, तर ते रोहिण्यांच्या अस्तरात साचते, रोहिणी अरुंद होते आणि तिच्यात गुठळी अडकू शकते. ही रोहिणी हृदयाची असेल तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूची असेल तर पक्षाघात. म्हणजे जे कोलेस्टेरॉल चेतापेशीच्या पटलात मेंदूला हवे असते, तेच रोहिणीच्या भिंतीत मेंदूचा घात करते.

मेंदूच्या आतही असेच घडू शकते. नीमन-पिक सी या दुर्मीळ आनुवंशिक विकारात शरीरात कोलेस्टेरॉलची टंचाई नसते. ते पेशीतल्या पचनाच्या कप्प्यांमध्ये अडकून पडते आणि पटलांपर्यंत पोचत नाही. कोठारे भरलेली आणि चूल विझलेली, अशी ही स्थिती असते. मुलांचे बोलणे, चालणे, गिळणे हळूहळू बिघडत जाते. या विकाराचे मुख्य जनुक १९९७ मध्ये सापडले. वर पाहिलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनच्या एका भावंडाच्या, या अडकलेल्या कोलेस्टेरॉलला मोकळे करण्याचा उपाय म्हणून, चाचण्याही झाल्या आहेत. कोलेस्टेरॉलची ने-आण करणाऱ्या अपो-ई प्रथिनाचा ‘ई-४’ हा प्रकार ज्यांना वारशाने मिळतो, त्यांना अल्झायमरचा धोका अधिक असतो, हे १९९३ पासून माहीत आहे.

येथे एक प्रश्न घराघरांतून येतो. कोलेस्टेरॉल मेंदूला हवे असेल, तर ते कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी स्मरणशक्ती जाईल का? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना स्टॅटिन आणि निम्म्यांना नकली गोळी सुमारे ५ वर्षे दिली गेली. हृदयविकार आणि पक्षाघात स्टॅटिन घेणाऱ्यांत कमी झाले. बौद्धिक क्षमतेत मात्र दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मेंदूचे उत्पादन घरचे असते, ही गोष्ट लक्षात घेतली की याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. तेव्हा असा लेख वाचून कोणी आपली गोळी बंद करू नये. शंका असेल तर ती डॉक्टरांना विचारावी.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. हिवाळ्यात तीन वाट्यांत खोबरेल, शेंगदाणा तेल आणि दोन्हींचे निम्मे-निम्मे मिश्रण घेऊन रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी तिन्हींमध्ये काडी घालून पाहा. कोणते किती घट्ट झाले? मिश्रण खोबरेलाइतके घट्ट का होत नाही? मध्येच शिरलेले वेगळ्या आकाराचे रेणू मोळी बांधू देत नाहीत, हे येथे समजते. मात्र तुलनेची मर्यादाही सांगायला हवी. कोलेस्टेरॉल याच्या उलट कामही करते, म्हणजे वळवळ आवरून धरते. ते या वाट्यांत दिसणार नाही.

२. पुठ्ठ्याचे तीन षटकोन आणि एक पंचकोन कापून, कडेला कड चिकटवून कोलेस्टेरॉलची पाटी बनवा. षटकोनाच्या टोकाला लाल मणी आणि पंचकोनाला दोऱ्याची शेपटी लावा. मधल्या षटकोनावर एक जोडरेघ काढली की कोलेस्टेरॉल झाले. अशाच दुसऱ्या नमुन्यात त्याच षटकोनावर दोन जोडरेघा काढल्या की ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. दोन्ही शेजारी ठेवून मुलांना फरक शोधायला लावा. एवढ्याशा फरकाने काय घडते, ते त्यानंतर सांगा.

३. वरिष्ठ विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारावा. ‘पटलातून कोलेस्टेरॉल काढले, ग्राही प्रथिनाचे काम थांबले’ या एका निरीक्षणावरून कोणकोणते निष्कर्ष निघू शकतात? त्यांतला प्रत्येक खोटा पाडण्यासाठी कोणता प्रयोग करावा लागेल? कागदावर प्रयोग आखायला प्रयोगशाळा लागत नाही.

एखादा पदार्थ चांगला की वाईट, असा प्रश्न मुले पुढेही विचारतीलच. मीठ, साखर, लोह, ऑक्सिजन, कशाहीबद्दल. अशा वेळी उलट विचारावे, ‘कोठे आणि किती?’ कोलेस्टेरॉलच्या बाबतीत या उलट प्रश्नाचे उत्तर चेतासंधीच्या पटलात एक आहे आणि रोहिणीच्या भिंतीत अगदी निराळे.